बोंड्याचं पार्सल

गजभिये सर गेले तेव्हा
त्यांच्या मुलानं पुस्तकं वाचनालयाला दिली,
स्कूटर भंगारात,
आणि बोंड्याला माझ्याकडे, पिंजऱ्यासकट.
"काकू, तो सगळं खातो," म्हणाला.
तेच तर.

पांढराफेक काकाकुवा. तुरा उभारला की
उन्हात कापसाचं बोंड फुटल्यासारखा दिसतो,
म्हणून सरांनी हे नाव ठेवलेलं.
सकाळी सर कोपऱ्यावरून तर्री-पोहे आणायचे,
दोन घास स्वतःला, एक त्याला.
दुपारी वाटीभर सूर्यफुलाच्या बिया,
रात्री खारे दाणे, बातम्या संपेपर्यंत.
मायेला वजन नसतं, असं त्यांना वाटत असावं.

मी इतवारीच्या पोस्टात एकतीस वर्षं
पार्सलच्या खिडकीवर बसले.
वजन नसलेलं काही माझ्या पाहण्यात नाही.

काट्यावर ठेवला: सातशे ऐंशी ग्रॅम.
धंतोलीत डॉक्टर लांजेवारांनी छाती चाचपली,
बराच वेळ हाड बोटाला लागेना.
"यकृतावर चरबी आहे, ताई.
नीट खाल्लं तर हा अजून तीस वर्षं जगेल.
तुमचं काय ठरलंय?"
मी त्रेसष्टची. मी हसले.
ते हसले नाहीत.

मग पेलेट आलं, मोजून.
लाल भोपळा, गाजर, मोड आलेले मूग,
गल्लीतल्या झाडाचा शेवग्याचा पाला.
दोन तासांनी वाटी उचलायचीच.
मे महिन्यात इथं कूलरसमोरही अन्न आंबतं.
संत्र्याची फोड एक, बी काढून.
संत्र्यांच्या गावात राहून एकच फोड,
हे पाहुण्यांना सांगताना मान खाली जाते.
शेजारची निमिषा टोस्टवर अ‍ॅव्होकॅडो लावून घेऊन आली,
मी तिला दारातूनच परत पाठवली.
पाखराला विष असतं ते.
पोरगी आठ दिवस बोलली नाही.

आणि भिवापुरी मिरची.
ती तो देठापासून टोकापर्यंत, बियांसकट,
काकडी खावी तशी खातो.
पाखरांना तिखट लागतच नाही म्हणे.
म्हणजे इतकी वर्षं सरांच्या तर्रीत
त्याला आवडत काय होतं?
तेल? मीठ?
की समोर बसलेला माणूस?

पहिले नऊ दिवस गाजर भिंतीवर बसत होतं.
चुन्यावर अजून डाग आहेत.
आणि प्रत्येक फेकीनंतर मान वाकडी करून
तो सरांच्याच आवाजात म्हणायचा,
"घे न बावा, घे. कायले लाजतं?"
तोच घोगरा आवाज, मधला तोच खोकला.
पहिल्यांदा माझ्या हातातली वाटी पडली.
दुसऱ्यांदा मी सूर्यफुलाच्या बियांचा डबा उघडला,
झाकण परत लावलं,
आणि मोरीत जाऊन पाय धूत बसले, उगाच.

दहाव्या दिवशी हाताला जुनं काम आठवलं.
एक बदाम घेतला.
कोऱ्या खाकी कागदात गुंडाळला, चार घड्या,
वर सुतळीची गाठ, पोस्टातली.
पत्ता नाही, तिकीट नाही.
पिंजऱ्याच्या दांडीला बांधलं.

त्यानं आधी गाठ हुंगल्यासारखी केली.
मग चोचीनं एकेक धागा.
पंचवीस मिनिटं.
इतक्या मन लावून माझं पार्सल कोणी उघडलं नव्हतं.
त्या दिवसापासून आठवड्याला दोन पार्सलं,
एकात बदाम, एकात कधी कधी नुसतीच भेंडी.
भेंडी निघाली की माझ्याकडे बघतो.
पण खातो.

काल काटा सहाशे चाळीसवर थांबला.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहिलं.
खाली बारीक अक्षरात त्याचं सगळं पथ्यही,
पुढे ज्याच्या हातात जाईल त्याला वाचता यावं म्हणून.

आज रविवार.
त्याला दिसू नये म्हणून ओट्याकडे तोंड करून
उभ्यानंच पोहे खात होते,
तर्री वेगळी मागवलेली, थोडी जास्तच.
बाहेरच्या खोलीतून सरांचा आवाज आला,
"घे न बावा, घे."

मी अजून एक पळी घेतली.